‘उष्णता झाली असेल’ म्हणत गेलेले दहा महिने

सड्यावरची

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा. घरात त्याला बाबू म्हणतात, इथेही तेच म्हणते. आठ वर्षं हर्णैहून बोटीवर खलाशी म्हणून जायचा. लग्न झाल्यावर दर्या सोडला आणि दापोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. बोटीवर होता तेव्हा ६२ किलो, सात वर्षं खुर्चीत बसून ८९. आम्ही कौतुकाने म्हणायचो, सुखाचं अंग आलंय.

गेल्या मे महिन्यात शौचाला रक्त पडलं. आंब्या-फणसाचे दिवस. आई म्हणाली, उष्णता झाली असेल. सब्जा, ताक, कोकमाचं पाणी सुरू झालं. पंधरा दिवसांत थांबलं, म्हणून उष्णताच होती असं ठरलं. गणपतीत परत पडलं. एका डॉक्टरांनी चार प्रश्न विचारून मूळव्याधीच्या गोळ्या आणि मलम दिलं, तपासलं नाही. मग मोडावर, म्हणजे मूळव्याधीवर, गावठी औषध देणारा कोणी सापडला, त्याची पुडी तीन महिने. दिवाळीनंतर बाबू दमायला लागला, हिमोग्लोबिन ८.१ निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त कुठून जातंय हे तेव्हाही कोणी विचारलं नाही. मार्चमध्ये रत्नागिरीच्या एका सर्जननी बोटाने तपासणी केली, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पुढे कोलोनोस्कोपी (नळीतून मोठं आतडं आतून बघतात ती), बायोप्सी, एमआरआय. मलाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर, तिसरी पायरी.

आता परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचार सुरू आहेत. तिथे विचारपूस करताना डॉक्टर म्हणाले की एवढ्या कमी वयात हा आजार होण्यामागे वाढलेलं वजन हे एक कारण असू शकतं. तेव्हापासून घरात प्रत्येक जण कोणाला ना कोणाला दोष देतोय. वहिनी रडते, माझ्या हातचं खाऊन झालं का म्हणते. बाबू दारू पीत नाही, तंबाखू नाही. नुसत्या चरबीने कॅन्सर कसा होतो? कोणी नीट समजावून सांगेल का?

पेजवाला

ताई, वाचून पोटात खड्डा पडला. बाबूला लवकर बरं वाटो. पैशांचं बघताना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन बसतं. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, इस्पितळातल्या आरोग्यमित्राला आधी गाठा.

खाडीकाठ

सड्यावरची ताई, मी पोटविकारांची डॉक्टर, आपल्याच जिल्ह्यातली. आधी वहिनींसाठी एक वाक्य: एका माणसाला कॅन्सर का झाला, हे मागे वळून कोणालाच ठरवता येत नाही. वजन, आतड्यातले जंतू, अनुवंश, नशीब अशी बरीच माणसं मिळून हा दोर ओढतात. त्यातला वजनाचा हात कसा चालतो, एवढंच सांगते.

पोटावरची चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेला तांदूळ, अशी आपली समजूत असते. कणगी स्वतःहून काही करत नाही. चरबी करते. कातडीखालच्या चरबीपेक्षा आत आतड्यांभोवती बसलेली चरबी जास्त उद्योगी. तिच्या पेशी फुगत जातात, त्यांना प्राणवायू पुरत नाही, काही मरतात. मेलेली पेशी खायला शरीराच्या भक्षक पेशी येतात आणि तिच्याभोवती कडं करून बसतात. तिथून टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं रक्तात सुटतात. यकृत त्याला प्रतिसाद म्हणून सीआरपी नावाचं प्रथिन तयार करतं, ते रक्तात मोजता येतं. यालाच आम्ही दाह म्हणतो.

इथे शब्दाने घोटाळा होतो. दाह म्हटलं की आपल्याला पित्ताची जळजळ आठवते, नाहीतर आईंनी म्हटली तशी ‘उष्णता’. हा दाह जाणवत नाही, ताप नाही, दुखत नाही. पावसात भिजलेलं नारळाचं सोडण चुलीत घातलं की ज्योत धरत नाही पण रात्रभर धुमसत राहतं, तसा तो वर्षानुवर्षं असतो. सब्जा-ताकाने तो शमत नाही आणि आंब्याने चढत नाही.

आता आतड्याकडे. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, म्हणजे पेशी सतत दुभंगत असतात. प्रत्येक वेळी जनुकांची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात. बहुतेक चुका दुरुस्त होतात किंवा ती पेशी मरते. दाहाची रसायनं दोन्हीकडून घात करतात: जनुकांना इजा करतात आणि मरायला हवी त्या पेशीला जगायचा निरोप देतात. त्यात लठ्ठपणात शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. इन्शुलिन आणि त्याचा भाऊबंद आयजीएफ-१ दोघेही पेशींना ‘वाढा’ सांगणारे. चुकलेली पेशी आणि वाढीचा हुकूम एकत्र आले की अस्तरावर छोटी गाठ उगवते, तिला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात त्यांना बहुधा दहाएक वर्षं लागतात.

दाहामुळे या आतड्यात कॅन्सर होतो याचा सर्वांत स्वच्छ पुरावा लठ्ठपणाच्या बाहेरचा आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात आतड्याला वर्षानुवर्षं सूज असते आणि अशा रुग्णांत हा कॅन्सर जास्त दिसतो. म्हणून त्यांची कोलोनोस्कोपीने नियमित तपासणी आजार सुरू झाल्यावर साधारण आठ वर्षांनी सुरू करतात, वय काही का असेना.

गजालीकार

आमच्या घरात पण असाच झाला. माझो आतेभाव, ३४ वर्षांचो. पोटात दुखता म्हणान दोन वर्षां गॅसचे गोळये खाय होतो. पण तो बारीक होतो हो, काठी कसो. मगे वजनाचा काय?

लाल_कातळ

गजालीकारांचाच प्रश्न. माझा मित्र रोज पळणारा, ३८ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर. तरुणांत हा आजार वाढतोय हे सगळीकडे ऐकू येतं, पण तो सगळा लठ्ठपणावर ढकलणं पटत नाही. खाडीकाठ, वजनाचा आकडा आणि धोका यांचा संबंध प्रत्यक्ष मोजलाय का कोणी?

खाडीकाठ

मोजलाय. अमेरिकेत परिचारिकांचा एक मोठा अभ्यास १९८९ पासून चालू आहे. त्यातल्या ८५,२५६ स्त्रियांची माहिती २०१९ मध्ये छापून आली. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या वर असलेल्यांना पन्नाशीच्या आत हा कॅन्सर होण्याचा धोका सडपातळ स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. अठराव्या वर्षापासून २० ते ४० किलो वाढलेल्यांत तो सुमारे ६५ टक्क्यांनी जास्त. त्याच परिचारिकांच्या २०२१ च्या अहवालात दिवसाला दोन किंवा जास्त गोड पेयं पिणाऱ्यांचा धोका, आठवड्याला एकही न पिणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक दिसला.

याच्या मर्यादाही सांगते. एवढ्या स्त्रियांत पन्नाशीच्या आत कॅन्सर झालेल्या फक्त ११४. सगळ्या अमेरिकन, बहुसंख्य गोऱ्या. आणि मुळात लहान आकडा दुप्पट झाला तरी लहानच राहतो, बहुतेक जाड माणसांना हा कॅन्सर कधीच होत नाही. तरी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जादा चरबीशी खात्रीने जोडलेल्या १३ कॅन्सरांची यादी केली, त्यात मोठं आतडं आणि मलाशय आहेत.

बारीक माणसांबद्दल तीन गोष्टी.

पहिली, निदान होतं तेव्हाचं वजन बघून फसू नका. आजार स्वतःच वजन खातो. विचारायचं ते पाच-दहा वर्षांपूर्वीचं.

दुसरी खास आपली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. शर्ट घातलेला भारतीय माणूस बारीक दिसतो आणि पोटात चरबी बाळगून असतो. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. शिंप्याची टेप घरोघरी असते, आज रात्री मोजा.

तिसरी, बारीकपणाने अनुवंश टळत नाही. लिंच सिंड्रोममध्ये जनुकांची नक्कल दुरुस्त करणारी यंत्रणाच जन्मापासून अधू असते. घरात दोघा-तिघांना आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, तोही पन्नाशीच्या आत, असं असेल तर जनुकीय तपासणीबद्दल विचारायलाच हवं. गजालीकार, तुमच्या आतेभावाच्या घरच्यांनी हे विचारलंय का?

शिवाय जंतू आहेत. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष करतात, ते आतड्याच्या पेशींच्या जनुकांवर ओळखता येईल असा ओरखडा ठेवतं. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींची जनुकं तपासली, तेव्हा हा ओरखडा सत्तरीपुढच्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आतल्यांत ३.३ पट जास्त सापडला. हे ओरखडे आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतले असावेत असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे लाल_कातळ, तुमची शंका रास्त आहे, सगळं वजनावर ढकलता येत नाही. पण अमेरिकेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना मलाशयाच्या कॅन्सरचा धोका १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या चौपट दिसतो. जनुकं दोन पिढ्यांत बदलत नाहीत, जगणं बदलतं.

सड्यावरची

मोजलं. बाबूची उंची १६८ सेंटिमीटर. बोटीवर असताना बीएमआय २२ होता, दुकानात ३१.५. मध्ये सात वर्षं. पॉलिपला दहा वर्षं लागतात, तर त्याचं बोटीवर असतानाच सुरू झालं असेल का?

खाडीकाठ

असू शकतं. तरुणांत हा प्रवास भराभर होतो का, यावरही अभ्यास चालू आहेत. वहिनींना हेही सांगा.

उकडा_तांदूळ

वहिनींच्या हातचं खाऊन नाही, उलट ते न खाऊन. ताई राग मानू नका, माझ्या स्वतःच्या घरावरून बोलतोय. माझे आजोबा सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला बांगडा खाऊन नांगरायला जायचे. दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी, पावसात टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू. आज माझा पुतण्या सकाळी चहात बटर-खारी बुडवतो, दुपारी स्टँडवर वडापाव, संध्याकाळी थंड पेयाची बाटली. घरी वहिनी करते ते रात्री नऊला, एकदाच. पर्यटक आले, होमस्टे झाले, चार पैसे आले, त्याचं वाईट वाटत नाही. पण ज्या उतारावरून आम्ही पाण्याच्या कळशा आणल्या तिथून आता कोणी चालतसुद्धा नाही, दुचाकी थेट पडवीपर्यंत येते.

नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतू, कुळथात आठेक, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तीनच्याही आत. हे तंतू म्हणजे नेमकं काय करतात, खाडीकाठ सांगतील.

खाडीकाठ

उकडा_तांदूळ यांनी मर्मावर बोट ठेवलं. आपल्याला पचत नाहीत ते तंतू मोठ्या आतड्यातले चांगले जंतू खातात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न हेच. पोटभर ब्युटिरेट मिळालं की अस्तर घट्ट राहतं, दाह उतरतो. तंतू मिळाले नाहीत तर ते जंतू अस्तरावरचा बुळबुळीत थरच खायला लागतात, हे उंदरांवर दिसलंय. वजन आणि दाह यांच्या गोष्टीत हा तिसरा धागा, आणि आपल्या परड्यात तो फुकट उगवतो.

सोडे_सुकट

एक शंका. जागतिक आरोग्य संघटनेने प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक ठरवलंय म्हणतात. मग सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा? आमचा पावसाळाच त्यावर निघतो. घरात आता सगळे घाबरलेत.

खाडीकाठ

२०१५ चं ते वर्गीकरण सॉसेज, बेकन, सलामी यांसारख्या मांसाबद्दल होतं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. बकऱ्याचं मटण ‘बहुधा’च्या गटात. मासे त्यात नाहीत. चिनी पद्धतीची खारवलेली मासळी वेगळ्या कारणाने यादीत आहे, पण ती नाकामागच्या घशाच्या कॅन्सरसाठी. तेव्हा बोंबील टाकू नका. मीठ जास्त असतं, रक्तदाबवाल्यांनी धुऊन, बेताने खावं. दारू मात्र या कॅन्सरच्या यादीत पक्की आहे, माडी असो की विदेशी.

केवड्याचं_बन

माझ्या मामांना मूळव्याधीवर सुरणाने गुण आला. सुरणाला संस्कृतात अर्शोघ्न म्हणतात, अर्श म्हणजे मूळव्याध. दही लावून उकडलेला सुरण महिनाभर खाऊन बघावा.

खाडीकाठ

सुरण खा, तंतू भरपूर आहेत. पण ‘मूळव्याध आहे’ हे ज्याने डोळ्यांनी किंवा बोटाने बघितलं त्याच्या नंतर. मी अगदी कळवळून सांगतेय, कारण बाबूसारखे रुग्ण मला वर्षातून अनेकदा भेटतात. तरुणांत हा कॅन्सर बहुतेकदा डाव्या बाजूला आणि मलाशयात असतो, म्हणजे नेमका तिथे, जिथून रक्त ताजं लाल पडतं आणि मूळव्याधीसारखंच दिसतं. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. मूळव्याध सापडली म्हणून वरचं तपासायचं सुटतं, हा दुसरा सापळा. आणि गोळ्यांनी रक्त थांबलं याचा अर्थ काहीच होत नाही. गाठही रोज रक्त सोडत नाही, बाबूचं मे महिन्यात थांबलंच होतं की.

वय न बघता चार गोष्टींवर उठायचं: शौचातून रक्त, न थांबणारी पोटदुखी, जुलाब किंवा शौचाच्या सवयीत आठवडे टिकलेला बदल, आणि कारण न सापडलेला, लोह कमी पडून झालेला पंडुरोग (रक्त कमी होणं). तरुण पुरुषाचं हिमोग्लोबिन ८ म्हणजे नुसती गोळी लिहून द्यायचा आकडा नव्हे.

लाल_कातळ

कॅन्सरसाठी रक्ताची ती सीईए चाचणी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये असते. ती केली तर चालेल?

खाडीकाठ

नाही. सुरुवातीच्या गाठीत ती बऱ्याचदा नॉर्मल येते आणि खोटा दिलासा देते. निदान झालेल्यांच्या पाठपुराव्याला तिचा उपयोग. काही त्रास नसेल तर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी एफआयटी ही साधी चाचणी आहे. त्रास असेल तर थेट कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिणं हाच काय तो जाच. तपासणी अर्ध्या तासाची, गुंगी देऊन करतात, आणि पॉलिप दिसला तर तिथल्या तिथे काढतात. अमेरिकेत आता ४५ पासून सगळ्यांनाच तपासायला सांगतात, आधी ५० होतं.

ताई, तुमच्यासाठी वेगळा नियम. सख्ख्या भावाला झालाय, तर भावंडांनी चाळिशीला, किंवा त्याच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा तपासून घ्यायचं. तो ३६, म्हणजे २६. तुमचं वय काहीही असलं तरी ते उलटून गेलंय. आणि अजून एक, हे कोणी सांगितलं नसेल तर: बाबू-वहिनींना पुढे मूल हवं असेल तर ओटीपोटावर रेडिएशन सुरू व्हायच्या आधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल विचारा. लाजून राहून जातं.

सड्यावरची

नव्हतं सांगितलं. सोमवारी रेडिएशन सुरू व्हायचं होतं. आत्ता वहिनीला फोन केला. पहिल्यांदा गप्पच बसली, मग म्हणाली उद्या सकाळी स्वतः विचारते.

गजालीकार

आतेभावाच्या घराकडे इचारलंय. त्येच्या आवशीक गर्भपिशवीचो कॅन्सर होतो, ४६ व्या वर्षी. कोणी जोडून बघूकच नाय. उद्या सगळ्यांका घेवन बसतलंय.

सड्यावरची

तीन महिन्यांनी लिहितेय. बाबूचं रेडिएशन झालं, गाठ आकसली आहे, ऑपरेशन गणपतीनंतर. काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी लागेल असं सांगितलंय. वीर्य साठवलंय, खाडीकाठ, वहिनीने मुद्दाम सांगायला सांगितलं.

माझीही कोलोनोस्कोपी झाली. मी ४१. आठ मिलिमीटरचा एक पॉलिप निघाला, काढला, अहवालात कॅन्सर नाही पण पुढे होऊ शकेल अशा जातीचा होता. मला कसलाही त्रास नव्हता. मोठ्या बहिणीची तपासणी पुढच्या महिन्यात.

आता बाबू घरी आहे. मासेमारी बंदीमुळे बोटी वर ओढलेल्या आहेत, पाऊस उघडला की तो बंदरावर त्यांच्यामधून फिरतो. एक प्रश्न: चालण्याने आता काही उपयोग होतो का, की नुसतं मनाचं समाधान?

खाडीकाठ

किती बरं वाटलं वाचून. चालण्याबद्दल: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, ऑपरेशन आणि किमो संपलेले, त्यांतल्या निम्म्यांना तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करायला लावला. २०२५ मध्ये निकाल आला. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांतले ९० टक्के हयात, नुसती माहितीपत्रकं दिलेल्यांतले ८३ टक्के. ते मलाशयाचे रुग्ण नव्हते आणि बाबूचे उपचार अजून संपायचेत, म्हणून किती चालायचं ते परळच्या डॉक्टरांना विचारून. पण नुसतं समाधान नक्कीच नाही. आता वजन उतरवायच्या मागे मात्र लागू नका, ऑपरेशनपर्यंत ताकद हवी. अंडी, मासे, डाळी नीट खाऊ दे.

नवा_सभासद_चिपळूण

या धाग्यासाठी खातं उघडलं. वय ३१, वजन ९४. चार महिने अधूनमधून रक्त पडतंय, घरी सांगितलेलं नाही. आज सर्जनकडे गेलो आणि बोटाने तपासा असं स्वतःहून म्हणालो. मूळव्याध आहे म्हणाले, तरी वरचं बघून घेऊ. गुरुवारी कोलोनोस्कोपी.

सड्यावरची

गुरुवारी सोबत कोण आहे? गुंगी देतात, नंतर दिवसभर गाडी चालवता येत नाही. घरी सांगायचं नसेल तर माझा चुलतभाऊ तिथेच मार्कंडीला राहतो, तो येईल. मला निरोप करा, नंबर देते.